मनोदैहिक समुपदेशन

मनोदैहिक समुपदेशन : मानसिक अडचणीत सापडलेल्या व्यक्तीला साहाय्य करताना तिचे विचार, भावना व वर्तन यांबरोबरच तिचा श्वास, स्नायूंचा ताण, शरीराची ठेवण, झोप, भूक आणि वेदना यांचाही एकत्रित विचार करणारी समुपदेशनाची एक दृष्टी. ती एखाद्या एकाच संप्रदायाची मक्तेदारी नाही. विसाव्या शतकात निरनिराळ्या प्रवाहांतून ती आकारास आली आणि व्यक्तिकेंद्रित, वर्तनवादी, मनोविश्लेषणात्मक व सजगताधिष्ठित अशा अनेक उपचारपद्धतींमध्ये कमीअधिक प्रमाणात आढळते. तिची दोन अंगे मानता येतील : (१) मन व शरीर यांचे व्यवहार परस्परांपासून तोडता येत नाहीत, ही शास्त्रीय भूमिका आणि (२) दुःखी व्यक्तीविषयी समुपदेशकाच्या ठायी असलेली करुणा हे उपचाराचे केवळ भूषण नसून त्याचे साधन होय, ही व्यावसायिक भूमिका. समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीस येथे ‘रुग्ण’ न म्हणता ‘सल्लार्थी’ म्हटले जाते. [⟶ समुपदेशन, मानसोपचार].

मन-शरीर संबंध : भावना शरीरात जाणवतात, हे माणसाला शास्त्राच्या पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीत भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने छातीत धस्स होते, हातपाय गळतात, दुःखाने गळा दाटून येतो आणि काळजीने जीव टांगणीला लागतो. हे वाक्प्रचार निव्वळ अलंकार नव्हेत. त्यांमागे शरीरक्रियांचे अचूक निरीक्षण आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) याने १८८४ मध्ये असे प्रतिपादन केले, की शरीरात घडून येणाऱ्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना होय. हा सिद्धांत त्या टोकाच्या स्वरूपात पुढे टिकला नाही; तथापि भावनेच्या अभ्यासात शरीराला त्याने मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) याने १९१५ च्या आपल्या ग्रंथात भय व क्रोध यांच्या प्रसंगी होणाऱ्या शारीरिक बदलांचे विवेचन केले. संकटाची चाहूल लागताच अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते, अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलीन स्रवते, हृदयाचे ठोके व श्वासाची गती वाढते, रक्ताचा ओघ पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळतो आणि प्राणी लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. संकट टळल्यावर परानुकंपी तंत्रिका तंत्र शरीराला पुन्हा विश्रांतीच्या स्थितीत आणते. या कार्यात व्हेगस या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेचा वाटा मोठा आहे. उच्छ्वास सावकाश व लांब केला असता हृदयाची गती किंचित मंदावते ती मुख्यतः याच तंत्रिकेमुळे. श्वसनाच्या साध्या अभ्यासाला शरीरक्रियाविज्ञानाचा आधार मिळतो तो येथे.

ही यंत्रणा अल्पकालीन संकटासाठी उपयुक्त आहे. परंतु कर्ज, कौटुंबिक कलह, नोकरीतील अपमान किंवा आप्ताचे दीर्घ आजारपण ही संकटे लढून वा पळून संपत नाहीत. अशा वेळी शरीराची सज्जता महिनोन् महिने उतरत नाही. हान्स सेल्ये (१९०७–८२) याने १९३६ पासून केलेल्या संशोधनामुळे दीर्घकालीन ताणाच्या शारीरिक परिणामांकडे लक्ष वेधले गेले. निद्रानाश, मान व पाठ आखडणे, अपचन, डोकेदुखी व सततचा थकवा या तक्रारींच्या मुळाशी अनेकदा असा ताण असतो. मात्र तो नेहमीच असतो असे नाही, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

ऐतिहासिक आढावा : शरीराच्या द्वारे मनापर्यंत पोहोचण्याचे पद्धतशीर प्रयत्न १९२० नंतरच्या दशकात सुरू झाले. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) याने १९२९ मध्ये प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्नायूंचा एकेक गट क्रमाने आवळून सैल सोडावयाचा आणि ताण व शैथिल्य यांतील फरक ओळखण्यास शिकावयाचे, ही त्याची पद्धती. पुढे जोसेफ वोल्पे (१९१५–९७) याने भयगंडाच्या उपचारात तिची संक्षिप्त आवृत्ती वापरली. शिथिल शरीर व तीव्र भय एकाच वेळी नांदू शकत नाहीत, या तत्त्वावर त्याचे १९५८ मधील क्रमबद्ध विसंवेदनीकरण आधारलेले आहे.

मनोविश्लेषणाच्या परंपरेत व्हिल्हेल्म राइख (१८९७–१९५७) याने स्वभावातील बचावप्रवृत्ती स्नायूंच्या कायमच्या ताठरपणात उतरतात असे मत मांडले व त्यास ‘चिलखता’ची उपमा दिली. आवळलेला जबडा, उचललेले खांदे, रोखून धरलेला श्वास ही त्याच्या मते दडपलेल्या भावनांची लक्षणे होत. हे निरीक्षण पुढील अनेक चिकित्सकांना उपयोगी पडले. अलेक्झांडर लोवेन (१९१०–२००८) याची जैवऊर्जा पद्धती व फ्रिट्झ पर्ल्स (१८९३–१९७०) याचा गेस्टाल्ट उपचार यांवर राइखची छाप आहे. उत्तरायुष्यात मात्र राइखने ‘ऑर्गोन’ नावाच्या वैश्विक ऊर्जेचा व ती साठविणाऱ्या पेट्यांचा पुरस्कार केला. या दाव्यांना शास्त्रीय आधार मिळाला नाही. न्यायालयाचा मनाई हुकूम मोडल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि अमेरिकेतील तुरुंगातच तो निधन पावला. एक मार्मिक निरीक्षण अप्रमाणित सिद्धांतात कसे वाहवत जाते, याचे हे उदाहरण या क्षेत्रात वारंवार आठवावे असे आहे.

याहून वेगळा प्रवाह कार्ल रॉजर्स (१९०२–८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी (१९४२) व क्लायंट-सेंटर्ड थेरपी (१९५१) या ग्रंथांत त्याने सल्ला देणाऱ्या तज्ञाऐवजी सल्लार्थीला केंद्रस्थानी आणले. १९५७ च्या एका निबंधात त्याने व्यक्तिमत्त्वात बदल घडून येण्यासाठी आवश्यक त्या अटी सांगितल्या. त्यांपैकी समुपदेशकाशी संबंधित तीन प्रसिद्ध आहेत : समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे अनुभवविश्व त्याच्या दृष्टीने समजून घेणे, निरपेक्ष स्वीकार, म्हणजे अटी न घालता व्यक्ती म्हणून आदर देणे, आणि सच्चेपणा, म्हणजे तज्ञतेचा मुखवटा न धारण करणे.

रॉजर्सचा सहकारी यूजीन जेंडलिन (१९२६–२०१७) याने या प्रवाहाची शरीराशी सांगड घातली. शिकागो येथे समुपदेशनाच्या ध्वनिमुद्रित बैठकींचा अभ्यास करताना असे आढळले, की ज्यांना लाभ होतो ते सल्लार्थी वेगळ्या प्रकारे बोलतात. ते मध्येच थांबतात, चाचपडतात, ‘नाही, नेमके तसे नाही’ असे म्हणून शब्द बदलतात आणि योग्य शब्द सापडताच त्यांना सुटल्यासारखे वाटते. छातीत वा पोटात जाणवणाऱ्या, पण अद्याप शब्दांत न आलेल्या एखाद्या अस्पष्ट जाणिवेकडे ते लक्ष देत असतात. ही क्षमता शिकविता येते, असे जेंडलिनचे म्हणणे होते. फोकसिंग (१९७८) या ग्रंथात त्याने तिच्या पायऱ्या सांगितल्या आहेत.

वैद्यकाच्या क्षेत्रात जॉर्ज एंगल (१९१३–९९) याने १९७७ मध्ये जैव-मनो-सामाजिक प्रतिमान मांडून रोगाचा विचार केवळ पेशींच्या पातळीवर करण्याच्या प्रवृत्तीला विरोध केला. १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन याने मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. आठ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात श्वासाचे अवलोकन, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराचे क्रमाने निरीक्षण व सौम्य योगासने यांचा समावेश आहे. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ञांच्या संघटनेने आपल्या विकार-वर्गीकरणात आघातोत्तर ताणविकृतीचा अंतर्भाव केल्यानंतर आघातग्रस्तांच्या शारीरिक प्रतिक्रियांकडे विशेष लक्ष दिले जाऊ लागले. पीटर लेव्हीन व बेसेल व्हॅन डर कोक यांनी या विषयावर केलेले लेखन विस्तृत वाचकवर्गापर्यंत पोहोचले आहे.

करुणेचे स्थान : करुणा म्हणजे कीव नव्हे. कीव करणारा स्वतःला वरच्या पायरीवर समजतो. करुणेत दुसऱ्याचे दुःख जाणण्याची संवेदनशीलता व ते हलके करण्याची प्रेरणा या दोन्ही गोष्टी असतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट याने विकसित केलेल्या करुणाकेंद्रित उपचारपद्धतीत भावनांच्या तीन यंत्रणा कल्पिल्या आहेत : धोक्यापासून बचाव करणारी, इष्ट वस्तूच्या प्राप्तीसाठी धडपडणारी आणि आश्वस्त करणारी. लहानपणापासून टीका, मारहाण किंवा उपेक्षा वाट्यास आलेल्या व्यक्तींमध्ये पहिली यंत्रणा प्रबळ असते व तिसरी दुर्बल राहते. अशी व्यक्ती ‘माझा दोष नव्हता’ हे बुद्धीने मान्य करते, परंतु त्याने तिला दिलासा वाटत नाही. तिला विचारांच्या दुरुस्तीबरोबरच संथ श्वसन, सौम्य स्वर व सुरक्षित सहवास यांद्वारे आश्वस्ततेचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा लागतो. अमेरिकन संशोधिका क्रिस्टिन नेफ हिने २००३ मध्ये आत्मकरुणेची तीन अंगे सांगितली : स्वतःशी सौम्यपणे वागणे, दुःख हा सर्व मानवांचा समान वाटा आहे ही जाणीव आणि वेदनेत वाहून न जाता तिच्याकडे समतोलपणे पाहणे.

कार्यपद्धती : पहिल्या एकदोन बैठकींत समुपदेशक सल्लार्थीची हकीकत ऐकतो. झोप, आहार, औषधे, व्यसने, पूर्वीचे आजार व अलीकडील वैद्यकीय तपासण्या यांची तो चौकशी करतो. त्याच वेळी बोलण्यात न आलेल्या गोष्टीही त्याच्या लक्षात येत असतात. उदा., पतीच्या निधनानंतर दोन वर्षे पाठदुखी व निद्रानाश यांनी त्रस्त असलेली एखादी स्त्री ‘आता सगळे ठीक आहे’ असे सांगते. परंतु पतीचा विषय निघताच तिचा श्वास अडतो व हाताच्या मुठी वळतात. समुपदेशक हे तिच्या तोंडावर निदान म्हणून फेकत नाही. ‘हे सांगताना तुम्हाला शरीरात कोठे काही जाणवते का?’ एवढेच तो विचारतो. तिने ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते’ असे म्हटल्यास तो घाईने अर्थ लावीत नाही. त्या जाणिवेजवळ थोडा वेळ थांबण्यास तिला सोबत करतो. बऱ्याचदा अशा थांबण्यातून रडू येते, राहून गेलेले बोलणे आठवते, आणि दुखण्याचे रूप बदलते. दुःख नाहीसे होत नाही. ते एकटीने वाहण्याचे ओझे मात्र हलके होते.

या मूलभूत ऐकण्याला काही तंत्रांची जोड दिली जाते. लांब उच्छ्वासाचे श्वसन, क्रमशः शिथिलीकरण, पाय जमिनीवर टेकल्याची जाणीव घेणे, सभोवतालच्या पाच वस्तू पाहून त्यांची नावे घेणे, चालणे, नियमित झोपेची शिस्त आणि खंडित झालेले दैनंदिन उद्योग हळूहळू पुन्हा सुरू करणे ही त्यांपैकी काही होत. नृत्य व हालचाल यांच्या उपचारात्मक उपयोगाचा पाया मॅरियन चेस (१८९६–१९७०) हिने १९४२ पासून वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात घातला. कोणतेही तंत्र सल्लार्थीच्या संमतीने, लहान मात्रेत व केव्हाही थांबविता येईल अशा रीतीने योजावे, असा संकेत आहे. आघातग्रस्त व्यक्तीला ‘डोळे मिटा व आत पहा’ असे सांगणे कधी कधी घातक ठरते; तिच्यासाठी डोळे उघडे ठेवून बाहेरच्या स्थिर वस्तूवर लक्ष देणे अधिक सुरक्षित असते.

भारतीय संदर्भ : शरीर व मन यांचा एकत्र विचार भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेत शरीर व सत्त्व म्हणजे मन हे दोन्ही व्याधींचे आश्रय मानले आहेत. पातंजल योगसूत्रांत चित्तविक्षेपाबरोबर दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासप्रश्वासांची अनियमितता ही लक्षणे दिली असून चित्तप्रसादनासाठी मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या भावना सांगितल्या आहेत. बौद्ध परंपरेत याच चार भावना ब्रह्मविहार म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि पाश्चात्त्य सजगताधिष्ठित उपचारांचे मूळही बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. तथापि मोक्षमार्गातील साधना व मर्यादित अडचणीसाठी केलेले समुपदेशन यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. एकाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या परिणामकारकतेचा पुरावा होऊ शकत नाही.

योगाभ्यासाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचे आरंभीचे महत्त्वाचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढले. मुंबईतील हृदयरोगतज्ञ के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरल्याचे वा औषधाची मात्रा कमी करता आल्याचे आढळले. पुढे लंडनमध्ये चंद्रा पटेल यांनी या दिशेने तुलनात्मक गट योजून प्रयोग केले.

भारतात मानसिक दुःख पुष्कळदा शरीराच्या भाषेत दवाखान्यात येते. ‘अंग मोडून येते’, ‘डोके जड होते’, ‘जीव घाबरा होतो’ असे सांगणारी व्यक्ती मनाविषयी बोलण्यास नकार देत असते असे नाही. घरात व समाजात ज्या वेदनेची दखल घेतली जाते, तीच ती पुढे करते. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत स्त्रियांच्या अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध प्रजननमार्गाच्या संसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक त्रासाशी अधिक निकट असल्याचे दिसले. अशा स्त्रीला केवळ प्रतिजैविके देत राहणे जसे अपुरे, तसेच ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठविणे हेही अन्यायाचे होय. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्यसेवेत एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांना लक्षणांचा अर्थ समजावून देणे, श्वसनाचे अभ्यास शिकविणे व परस्परसंबंधांविषयी समुपदेशन करणे अशी टप्प्याटप्प्याने मदत केली. सार्वजनिक आरोग्यकेंद्रांत त्याचा लाभ दिसून आला. खाजगी दवाखान्यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक आढळला नाही. कोलकाता येथील ‘संवेद’ ही संस्था अत्याचार व मानवी व्यापार यांतून सुटलेल्या स्त्रियांसाठी नृत्य व हालचालींवर आधारलेले उपचार करते.

परिणामकारकता व मर्यादा : समुपदेशक व सल्लार्थी यांच्यातील सहकार्याचे नाते आणि उपचाराचे फलित यांचा मध्यम परंतु सातत्याने आढळणारा संबंध संशोधनातून दिसून आला आहे. एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ मध्ये या नात्याचे तीन घटक सांगितले : उद्दिष्टांविषयी एकमत, कार्याविषयी एकमत आणि जिव्हाळा. शिथिलीकरण व सजगता यांचा चिंता, नैराश्य व वेदना यांवर माफक उपयोग होतो, असेही अनेक अभ्यास सांगतात. याउलट देहाभिमुख उपचारांपैकी कित्येकांची काटेकोर तपासणी अद्याप अपुरी आहे, आणि ‘आघात स्नायूंत साठून राहतो’ यांसारखी विधाने शब्दशः घेण्याजोगी नाहीत. व्हेगस तंत्रिकेविषयी स्टीव्हन पोर्जेस याने मांडलेली उपपत्ती समुपदेशकांत लोकप्रिय असली, तरी तिच्या शरीरक्रियावैज्ञानिक आधाराबद्दल तज्ञांत वाद आहेत. शिथिलीकरणाने काही व्यक्तींची चिंता उलट वाढते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

सर्वांत गंभीर धोका शारीरिक रोगाला मानसिक ठरविण्याचा. पचनज व्रण हा विसाव्या शतकाच्या मध्यास मनोदैहिक विकारांचा नमुना समजला जाई. फ्रांट्स अलेक्झांडर (१८९१–१९६४) याने त्याचा संबंध अवलंबित्वाच्या अंतःसंघर्षाशी जोडला होता. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८० नंतरच्या दशकात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सूक्ष्मजंतू या व्रणाचे प्रमुख कारण असल्याचे दाखविले आणि त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी असंख्य रुग्णांना शांत राहण्याचा उपदेश ऐकावा लागला होता. त्यांना गरज होती ती प्रतिजैविकांची. अवटू ग्रंथीचे विकार, पांडुरोग, हृदयविकार व मस्तिष्कातील अर्बुद यांची लक्षणे चिंता वा नैराश्यासारखी भासू शकतात. म्हणून वैद्यकीय तपासणी आधी व्हावी, आणि समुपदेशन चालू असतानाही नव्या लक्षणांची दखल घ्यावी, हा नियम अपरिहार्य आहे. तीव्र मनोविकृती, आत्महत्येचा विचार किंवा व्यसनमुक्तीच्या काळातील शारीरिक लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ञाकडे पाठविणे हे समुपदेशकाचे कर्तव्यच ठरते.

नीतिविषयक दक्षता : शरीराचा विचार करणे आणि शरीराला स्पर्श करणे या भिन्न गोष्टी आहेत. मनोदैहिक समुपदेशनाचा बराचसा भाग स्पर्शावाचून होतो. समुपदेशक व सल्लार्थी यांच्यातील सत्ता समान नसते. संकटातील व्यक्ती ‘नको’ म्हणण्यास कचरते. त्यामुळे स्पर्शाचा उपयोग करणाऱ्या पद्धतींतही त्याचे प्रयोजन आधी स्पष्ट सांगणे, संमती घेणे व ती केव्हाही मागे घेण्याची मुभा ठेवणे आवश्यक असते. लैंगिक स्वरूपाचा कोणताही संबंध सर्व मान्यवर आचारसंहितांनी निषिद्ध मानला आहे. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ मध्ये अंमलात आला असून त्यात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य करण्यात आला आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांविषयीच्या कायद्याने वर्तनस्वास्थ्य क्षेत्रातील व्यवसायांनाही नियमनाच्या कक्षेत आणले. समुपदेशकाचे शिक्षण, देखरेखीखालील अनुभव व नोंदणी यांविषयी विचारणा करण्याचा सल्लार्थीला पूर्ण अधिकार आहे.

इतरांच्या दुःखाचा भार समुपदेशकाच्या शरीरावरही पडतो. थकवा, निद्रानाश व हळूहळू येणारा कोरडेपणा ही त्याची चिन्हे होत. स्वतःच्या श्वासाकडे, विश्रांतीकडे व मर्यादांकडे दुर्लक्ष करणाऱ्याची करुणा फार काळ टिकत नाही. अनुभवी सहकाऱ्याशी नियमित विचारविनिमय, सल्लार्थींच्या संख्येवर मर्यादा आणि गरज पडल्यास स्वतः समुपदेशन घेणे ही म्हणूनच व्यवसायाची चैन नसून त्याची पूर्वअट समजली जाते.